खिटीवरचा अंगठा

हाल्लावारा, १२ ऑक्टोबर

लाडक्या ऐला,

तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव, बाकीचं मग. मी ठणठणीत आहे. बटाटे तळघरात गेले, रानफळांच्या मुरंब्याच्या अकरा बरण्या झाल्या. बारावी फुटली, तिचं दुःख आता उरलेलं नाही. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. शाळेत मी जेमतेम सहा वर्षं, त्यातही सुगीचे दिवस घरीच गेले, हे तुला नव्याने काय सांगायचं? डेअरीत वीस वर्षं माझे सगळे फॉर्म तूच भरलेस.

आता खरी बातमी. आमची मिन्या पहिल्या फळीत खेळतेय! पहिल्या फळीत गं! बर्फावरच्या हॉकीत, देशातल्या सगळ्यांत वरच्या लीगमध्ये! दिवसभर विजेच्या तारा ओढण्याचं काम शिकते, संध्याकाळी सरावाला जाते, घरी आली की अर्धं भांडं सूप उभ्याउभ्या पिते. मी म्हणते, बस की गं जरा. तर म्हणते, बसले तर उठणार नाही आजी. वरच्या खोलीत तिच्या मोज्यांचा असा वास भरलाय की खिडकीतला जिरेनियम सुकला. पण ऐला, घरात कुणाची तरी पावलं वाजतात. जिना वाजतो. मला तो आवाज फार आवडतो.

पहिल्या मॅचला एकशे बारा माणसं आली, वेइक्कोने दारावर मोजली. आपला वेइक्को, तोच, बस चालवायचा तो. आता संघाचं सगळं तोच बघतो. पुरुषांच्या संघाला हजारभर येतात आणि ते दोन पायऱ्या खाली खेळतात. जाऊ दे, त्यावर मी बोलायला लागले तर शाई संपेल.

तर तो वेइक्को माझ्याकडे आला आणि म्हणाला, "हिल्का, यंदा तू बन विकायचे नाहीस. तू खुराड्यावर उभी राहा."

खुराडं म्हणजे शिक्षेची खोली. पोरीने काही आगळीक केली की रेफरी तिला दोन मिनिटं तिथे बसवतो, आणि तेवढा वेळ तिचा संघ एका खेळाडूने कमी.

मी म्हटलं, "मला नियम कुठे येतात?"

"नियम एकच. घड्याळ शून्यावर आलं की दार उघडायचं. दार उघडता येतं ना?"

"शहात्तर वर्षं उघडतेय."

"मग झालं."

खुराडी दोन. आपल्या पोरींच्या खुराड्यावर वेइक्कोची बायको असते, कारण मी तिथे असले तर मिन्याला शिक्षा झाली की तिला बन भरवत बसेन, असं त्याचं म्हणणं. म्हणून मला पाहुण्यांचं दिलं. पाहुण्यांच्या दारावरही माणूस यजमानांचाच असतो. आम्ही त्यांच्याकडे गेलो की त्यांचा असतो. सगळीकडे अशीच रीत आहे, कुणी कुणाकडे बघतही नाही. आमचा हॉल जुना, त्यामुळे दाराची खिटी माझ्या अंगाला आहे, आतल्या पोरीचा हात तिथवर पोचत नाही. आणि कठड्यावरून उडी मारून जायची सोय नाही, दारातूनच जावं लागतं.

काय मजा असते म्हणून सांगू! पोरी येतात त्या वाफाळलेल्या, तोंडात अशा शिव्या की डेअरीतला मुकादम लाजला असता. एक उत्तरेकडची तर रडायलाच लागली. मी रुमाल दिला. म्हणाली, "आजी, किती राहिले?" म्हटलं, "अठ्ठावीस, बाळ." नाक पुसलं, रुमाल परत दिला, आणि मी दार उघडल्याबरोबर गेली ती सरळ आपल्या मिन्याला कठड्यावर आपटायला! मी स्वतःशीच हसले. रुमाल वाया गेला म्हटलं.

तुझी नात साइमी तुमच्या रांतासालोच्या संघाकडून खेळते ना यंदा? डिसेंबरात येतील त्या इकडे. तिला सांग, खुराड्यात आलीस तर हिल्काआजी भेटेल, पण येऊ नकोस.

आनंदाने फुगलेली,
तुझी हिल्का


हाल्लावारा, २४ मार्च

लाडक्या ऐला,

पागोळ्यांवरचा बर्फ गळायला लागला. शेजारच्यांच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली, पाचही निरनिराळ्या रंगांची, त्यामुळे तिकडे सगळे जरा गप्प आहेत. मी स्वयंपाकघराला नवे पडदे शिवले, निळे, एक आखूड झाला.

मॅचचं तुला कळलंच असेल. तुझा मुलगा होताच तिथे, मी त्याला लांबून पाहिलं.

तरी सांगते. ख्रिसमसपर्यंत आमचं बरं चाललं होतं. मग गोलरक्षक मुलीचा गुडघा गेला, आणि ओळीने अकरा मॅच हरलो. तुमचंही काही वेगळं नव्हतं म्हणा. मग तळातल्या दोन संघांची झुंज, आम्ही आणि तुम्ही, आणि हरेल तो खालच्या लीगमध्ये. एक मॅच तुम्ही घेतलीत, एक आम्ही, तिसरी इथे झाली. आमची कमिटी तर बोलूनच बसली होती, की खाली गेलो तर पोरींचा संघ बंद. मिन्याला दक्षिणेतल्या एका संघाने विचारून ठेवलं होतं. तिची मोठी बॅग जिन्यात उभीच होती, आठवडाभर. मी तिला वळसा घालून जायची.

तीन-दोन झालं. शेवटचा गोल मिन्याचा. मी तो नीट पाहिला नाही, मला दाराचं काम होतं.

आम्ही राहिलो, तुम्ही खाली गेलात. खेळ आहे, काय करणार? कुणीतरी जाणारच होतं. वेइक्को रडला, मग म्हणाला सर्दी झालीय. पोरींनी मला उचलून बर्फावर नेलं, मी ओरडत होते, अगं माझे बूट! केक होता, वर मिन्याचा नंबर काढलेला. मी दोन तुकडे खाल्ले. बॅग पुन्हा माळ्यावर गेली.

परवा बन केले, वेलदोडा घालायला विसरले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

खुराड्याचं काम मी सोडलं, तेही कळवते. बोटं आखडतात हल्ली. वय झालं. वेइक्को म्हणाला, "तुझ्यासारखी बाई मिळणार नाही." मी म्हटलं, मिळेल, दार उघडता आलं की झालं.

साइमीला माझा नमस्कार सांग. किंवा राहू दे, नको सांगू, दमली असेल ती.

पिल्लू हवं असेल तर कळव.

तुझी हिल्का


हाल्लावारा, २८ एप्रिल

ऐला,

तुझं पत्र आणि पुडकं मिळून नऊ दिवस झाले. मी उत्तराला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा हवेबद्दलच लिहून कागद चुलीत टाकला. आता हवेबद्दल लिहिणार नाही.

तू लिहिलंस की साइमी स्केट्स विकायला ठेवून आली. सरावाच्या वेळेला अंथरुणात पडून असते, नर्सिंगच्या वर्गालाही दोनदा गेली नाही. "माझ्या एका शिक्षेने वीस जणींना खाली नेलं," एवढंच बोलते. त्याच पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "साइमीने तुझ्यासाठी मनगटमोजे विणलेत, तिला तुझ्या बोटांची फार काळजी." करडी लोकर, लाल काठ. आत चिठ्ठी, "ऊब राहिली की आखडणार नाहीत."

ऐला, माझ्या बोटांना काही झालेलं नाही.

हे वाक्य लिहिल्यावर मी उठून अंगणात जाऊन आले. आता सांगते, आणि न थांबता सांगते, कारण थांबले तर पुन्हा पिल्लांकडे वळेन.

साइमीने तुम्हाला खिटीबद्दल काही सांगितलं नाही, आणि लांबून तुझ्या मुलालाही ते दिसलं नाही, हे तुझ्या पत्रावरून कळलं. का सांगितलं नसेल, ते मला ठाऊक आहे. मला सांभाळायला.

चार मिनिटं उरली होती, दोन-दोन. साइमीची काठी मिन्याच्या पायात अडकली, मिन्या पडली. मुद्दाम नव्हतं, मी समोरच होते. रेफरीने शिट्टी मारली, साइमी खुराड्यात आली. बसता बसता पहिलं काय बोलली असेल? "हिल्काआजी, मिन्याला लागलं नाही ना गं?" मी म्हटलं, "नाही बाळ, उठली बघ ती." तिने डोकं खाली घातलं आणि घड्याळाकडे बघत राहिली. त्या दोन मिनिटांत आमच्या पोरींनी काही केलं नाही. चकती इकडून तिकडे, तिकडून इकडे. तुमच्या चौघी भिंतीसारख्या उभ्या होत्या. मी त्या वेळात काय बघत होते सांगू? आमच्या जिन्यातली ती बॅग. डोळ्यांपुढून जाईचना.

"दहा राहिले, आजी," साइमी म्हणाली आणि उठून दाराशी आली. मी खिटीवर हात ठेवला, नेहमी ठेवते तसा. चकती तेव्हा मिन्याकडे होती.

शून्य झालं.

"उघड ना, आजी."

खिटी वर ओढायची असते, ऐला. मी अंगठ्याने ती खाली दाबून धरली.

"आजी, उघड!"

"अडकलीय गं," मी म्हटलं. असं मी बोलले. आवाजसुद्धा घाबराघुबरा काढला. ती आतून दार ढकलायला लागली, तर मी म्हटलं, "जोर लावू नकोस, मोडेल." मिन्याचा गोल झाला, सगळा हॉल ओरडायला लागला, तेव्हा मी अंगठा काढला. दार उघडलं. ती एक पाय बर्फावर टाकून तशीच थांबली, कारण जायला आता काही कारण नव्हतं.

तुमचा कोच रेफरीच्या अंगावर धावून गेला. "त्यांच्या म्हातारीने दार उघडलं नाही!" रेफरी माझ्याकडे आला, पोरगेलासा होता, कानाच्या पाळ्या लाल. "काय झालं, आजी?" मी हात पुढे केला आणि म्हटलं, "बोटं आखडली." माझा हात तू पाहिला आहेस. शिरा वर आलेल्या, सांधे सुजलेले, डेअरीतल्या थंड पाण्याने झालेले. त्या हाताकडे बघून कुणाचाही विश्वास बसेल. मी तो हात दाखवला. माझं सगळं आयुष्य त्यात होतं आणि मी ते खोटं बोलायला वापरलं.

मग साइमीने हातमोजे काढले. माझी बोटं स्वतःच्या दोन्ही हातांत घेतली आणि चोळायला लागली. कोचला म्हणाली, "बघा किती गार पडलीत. मुद्दाम कोण करेल असं?" गार पडली होती हे खरं. पण दार उघडेपर्यंत चांगली गरम होती.

ती चोळत राहिली आणि मी चोळू दिलं. ते मला सर्वांत जास्त खातं. खिटी दाबली तेव्हा विचार करायला वेळ नव्हता असं म्हणता येईल. हे तर मिनिटभर चाललं होतं. त्या मिनिटात तोंड उघडता आलं असतं. रेफरी समोरच होता.

रेफरीने गोल धरला, मॅच संपली, मग मला उचलून नेलं, केक खाल्ला, ते तुला आधी लिहिलंच आहे.

पुढच्या आठवड्यात वेइक्कोने हॉलच्या कॅन्टीनमध्ये मॅचची फिल्म लावली. सगळ्यांना तो गोल बघायचा होता. कोपऱ्यात घड्याळ दिसतं. शिक्षा संपल्यापासून गोल होईपर्यंत नऊ सेकंद. सगळे चकतीकडे बघत होते. डाव्या बाजूला एका बाईची पाठ दिसते, तपकिरी कोट, ती हलत नाही. माझा कोट मला ओळखू येईना असा झालाय. "पुन्हा लाव!" पोरी ओरडायच्या, आणि वेइक्को पुन्हा लावायचा. चारदा लावली.

ऐला, मी हे संघासाठी केलं असतं तर निदान तसं सांगता आलं असतं. मला संघाचं काय? मिन्या गेली असती. जिना वाजला नसता. मला सकाळी एकटीने कॉफी ओतायची नव्हती. एवढ्यासाठी तुझ्या नातीचं वर्ष मी खाल्लं.

पुडकं आलं त्या दिवशी मी मनगटमोजे टेबलावर ठेवले. मिन्या कामावरून आली, म्हणाली, "किती छान! घाल की." मी म्हटलं, "घालता येत नाहीत." "का, लहान झाले?" मग मी तिला सगळं सांगितलं. सूपचं भांडं हातात तसंच होतं तिच्या. खुर्ची ओढून ती बसली. तिला तशी बसलेली मी वर्षभरात पाहिली नव्हती. मग म्हणाली,

"मला तो गोल फार आवडायचा, आजी."

आणि वर गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातूनच म्हणाली, "साइमीला लिहिलंस का?" म्हटलं, "लिहितेय." "रविवारपर्यंत लिही. नाहीतर मी फोन करणार. आणि बोटांचं काही घालू नकोस त्यात." बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. आता बघते, पण आधीसारखं नाही. दक्षिणेतल्या त्या संघाला तिने पुन्हा पत्र टाकलंय, ते मला टेबलावर दिसलं. मी विचारलं नाही. विचारायचा हक्क गेला.

वेइक्कोलाही सांगितलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "हिल्का, आता निकाल बदलत नाही. हंगाम संपला, कागद गेले. तू म्हातारी बाई, कशाला ओढवून घेतेस? गप्प बस."

"मी महिनाभर गप्पच होते," मी म्हटलं, "त्यात एक पोर अंथरुणाला लागली."

मग त्याने माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि लीगला पाठवलं. तिथून दोन ओळी आल्या, निकाल कायम. म्हणजे तुम्ही खाली ते खालीच. ते मला परत वर नेता येत नाही. तुझ्या मुलाला राग येईल, येऊ दे. तुझ्या गावात माझं नाव निघेल, निघू दे. आमच्या दुकानात आताच निघालंय. काल ब्रेडच्या फळीपाशी दोघी बोलत होत्या, मी आल्यावर पिठाच्या भावावर गेल्या. तू माझ्याशी बोलणार की नाही ते मी विचारत नाही. चाळीस वर्षांची ओळख आहे म्हणून सोडून दे, असंही म्हणत नाही. उलट ओळख होती म्हणूनच जास्त वाईट. परक्या पोरीला निदान माझ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नव्हतं.

एकच मागते. पुढचं तिला वाचून दाखव. तू वाच, तुझ्या आवाजात, ती उठून गेली तर दारामागे उभी राहून वाच.

साइमी, तू काठी घातलीस, त्याची शिक्षा दोन मिनिटं. ती तू पूर्ण बसून काढलीस, एक सेकंद कमी नाही, आणि त्या दोन मिनिटांत तुमच्यावर एकही गोल झाला नाही. तुझं जेवढं होतं तेवढं तिथे फिटलं. दार अडकलं नव्हतं. बोटं आखडली नव्हती. मी तुला आत धरून ठेवलं, ठरवून. तू विचारलंस मुद्दाम कोण करेल. मी केलं. वीस जणींना खाली तू नेलं नाहीस. त्यानंतरचे नऊ सेकंद माझे आहेत, आणि ज्याला कुणाला सांगायचं असेल त्याला हा कागद दाखव. म्हणून खाली पूर्ण नाव लिहिते.

हिल्का मरियाना ओयाला
पाहुण्यांच्या दारावरची बाई